वर केलेला हात

कानाच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या. थोरलीला कमी ऐकू येत असावं, कारण धाकटी मोठ्याने बोलत होती.

“ताई, कारखाना विकला म्हणून तुझी नोकरी मोडत नाही. नव्या मालकाला तुझी आधीची वर्षं धरावीच लागतात.”

“आपणहून सोडली नसेल तर.”

“मग तू कुठे सोडलीस?”

“सोडली म्हणे. सगळ्यांनीच. आता मी शिकाऊ.”

“शिकाऊ? बाटल्या भरण्यात तुझा जन्म गेला.”

“जुने मालक निरोप घ्यायला आले होते. पट्ट्यावर बाटल्या खणखणत होत्या. ते काहीतरी बोलले, आम्ही हात वर केले.”

“न ऐकताच?”

“आमची पद्धतच आहे ती. त्या आवाजात ओ देऊन उपयोग नसतो. साहेब काही बोलले की हात वर करायचा, म्हणजे हो, कळलं.”

“काय बोलले होते?”

“आपल्या मर्जीने नोकरी सोडून नव्याने लागायला जे तयार असतील, त्यांनी हात वर करा.”

“अगं बाई. हे तुला कोणी सांगितलं?”

“काल व्हिडिओ दाखवला. त्यांच्या कॉलरला माइक होता, शब्द न् शब्द ऐकू येतो. मी सगळ्यात पुढे, हसतेय.”

“बोलण्यापुरता पट्टा बंद नाही करत?”

“एरवी करतात.”



आतून नर्सने डोकं बाहेर काढून काहीतरी विचारलं. थोरलीने लगेच हात वर केला.

धाकटीने तो धरून खाली घेतला.

“थांब. आधी काय विचारतायत ते मला ऐकू दे.”