नकाशावर टेकवलेला अंगठा

"देवाची मर्जी होती." आतापर्यंत चार जण अठी येऊन हेच बोलून गेले. एकानंही विहिरीचं नाव घेतलं नाही. माह्या नातीची, मेघाची, शोकसभा हाय, अन् ती मेली कशानं, हे सोडून सारं बोलणं झालं. हुशार होती म्हणे. हसरी होती. गावाची शान होती. मंग मेली कशानं?

आता साऱ्याईले रामराम. आले तुमी सारे, बरं केलं. अमरावतीवरून मेघाच्या कॉलेजातले सर आले. राजापेठच्या खोलीत तिच्यासंग राहणाऱ्या दोघी पोरी आल्या. बसा माय. पाणी प्या. मले भाषण येत नाही, दुसरीत शाळा सुटली. भांडण येते. त्याच्यातूनच काय निघन ते ऐका.

मेघा जमिनीच्या पोटातलं शिकत होती. लोक मले विचारत, "बुढे, पोट्टीले दगड कायले शिकवता?" मी म्हणो, "नवरा पाहाच्या आधी दगड ओळखता आला तं बरंच हाय." हसा, हसलं तं चालते. तीही हसे.

मागच्या उन्हाळ्यात तिनं आपल्या भागाचा नकाशा आणला. खाटेवर पसरवला. मी गाव शोधाले लागली. मले म्हणे, "आजी, यात घरं नोको पाहू. घरं, झाडं, वावरातली माती, सारं उचलून बाजूले ठेवलं तं खाली जे दिसन, ते हे."

मी म्हणलं, "म्हणजे गाव नागडं करून काढलं."

"हो, तसंच."

मंग तिनं माह्या अंगाखालची गोधडी ओढली. जुनी, घासलेली. म्हणे, "वरचं लुगडं विरलं तठी खालचं दिसते ना? तसंच हाय. हिरवा रंग म्हणजे काळा खडक. पिवळा म्हणजे नदीनं आणून टाकलेला गाळ. खडक खालून सारीकडे गेला, गाळ त्याच्यावर अंथरला. दोन्हीच्या मधात ही बारीक रेघ, ती आपल्या नाल्याजवळून जाते." अन् म्हणे, "नुसता रंग पाहून बोलाचं नाही आजी. कोपऱ्यातली चौकट आधी वाचाची, कोणता रंग कशाचा ते तठी असते. अन् खालची पट्टी पाहाची. बोटाच्या पेराखाली किती जमीन येते, ते पट्टी सांगते."

मले समजलं. म्हाताऱ्या बाईले समजलं, तं अवघड नसन.

आपण खाऱ्या पाण्याचे लोक. लग्नात पाहुणा चहाचा घोट घेते अन् तोंड पाहाते. गोड पाण्याची विहीर पाहिजे, हे मलेबी पाहिजे होतं. मेघा तो नकाशा घेऊन पंचायतीत गेली. वसंतराव, आपले सरपंच, समोरच बसले हायेत. त्याईनं विचारलं, "हे हिरवं म्हणजे वरूडसारखे संत्र्याचे बगीचे का?" ती चिडली नाही. पुन्हा सांगतलं. "काका, नाल्याच्या पलीकडे खोदा, हिरव्यात. खडक फोडाले वेळ लागन, पण काठ उभा राहीन अन् पाणी गोड लागन. अलीकडे गाळ हाय. पाणी खारं, अन् माती धरत नाही, ढासळते." साऱ्याईनं माना हालवल्या. नकाशा ठेवून ती परीक्षेले गेली.

मंग तुमी काय केलं? दसऱ्याले ट्रॅक्टर पुजता, तसा नकाशा पुजला. भिंतीले टांगला. महाराजानं मंत्र म्हणले. नारळ फुटला. वसंतरावनं कुंकवात अंगठा बुडवला अन् आपल्या गावावर टेकवला.

त्या अंगठ्याखाली काय काय गेलं, कोणी पाहिलं? गाव गेलं. नाला गेला. दोन्ही काठ गेले. हिरवं गेलं, पिवळं गेलं. अन् रेघ तं दिसेचना.

ठेकेदार आला. विचारलं, जागा कोणती? वसंतराव म्हणे, टिळा लागला तीच, देवानं दाखवलेली. अरे, टिळ्यात दोन्ही काठ होते. पण अलीकडचा काठ सडकेले लागून हाय. मशीन सरळ जाते. माती मऊ हाय. मंग देवानं अलीकडचाच दाखवला.

मेघा आली तवा खड्डा चांगला खोल गेला होता. रोजीवरचा सलीम आत खोदून राहिला होता. पुढचं सलीमनंच मले सांगतलं. तिनं पहिले त्याले वर बोलावलं. "सलीमभाई, चहा आला, वर या." चहा नव्हता. तो घाबरला अन् भिंतीले धक्का लागला तं माती ढासळन, म्हणून तशी बोलली. तो वर आला, मंग ती सरपंचाकडे वळली.

"काका, बंद करा."

"कागद सोड पोरी. खड्डा उभा हाय का नाही?"

"आज उभा हाय, काका."

"मंग आत जाऊन दाखव, कुठं कच्चा हाय ते."

काठावर माणसं उभी होती. तुमीच होते. "नोको जाऊ" एवढं बोलाले किती दम लागते? कोणाचं तोंड उघडलं?

ती उतरली. भिंतीले हात लावला. "हे पाहा काका, मुठीत येते." सलीमनं एवढंच ऐकलं. मंग माती.

सर, तुमी म्हणाले, तिच्या नावानं नकाशा वाचाचं शिबिर घेऊ. घ्या. पोट्टे येतीन, नाश्ता करतीन, नकाशा वाचतीन. वाचलेलं ऐकाचं कसं, ते कोणत्या शिबिरात शिकवता?

मी आज सकाळी नाल्यावर गेली होती. तठी नव्या खड्ड्यासाठी चुन्याची खूण पडली हाय. जुन्या खड्ड्याले लागूनच. अलीकडेच. मशीन उभी हाय. उद्या काम सुरू होणार, अन् आत उतरणार सलीम.

तुमी थांबसान, असं मले वाटत नाही. खोटं कायले बोलू? तुमी हार घालून घरी जासान, अन् सकाळी मशीनचा आवाज येईन. पोरगी गेली, तिच्यासंग तुमचं गोड पाणीही गेलं. बुढी शिव्या देऊन राहिली, एवढंच घरी सांगसान.

आता उभे राहा. मेघासाठी चूप राहा. मोबाईल बंद करा. मी खाली बसत नाही तोवर कोणी हालाचं नाही.

अन् मी बसली का एकच माणूस बोलन. सलीम उद्या त्या खड्ड्यात उतरन का नाही, हे सांगाचं. सलीम, तू बोलू नोको. तुले रोजी पाहिजे, तू हो म्हणशीन. ठेकेदार बोलणार नाही. सर, तुमीबी नाही. महाराज, तुमी तं बिलकुल नाही.

वसंतराव, तुमी.