चुलीवरचा काटा

तुम्ही हसाल, पण आमच्या रिठदच्या घरात माझ्या किंचाळण्याला आता किंमत आली आहे! आधी नव्हती, कारण मी पालीलाही किंचाळते ना. चुलीच्या पत्र्याच्या धुराड्यावर मी तापमानाचा काटा चिकटवला, धुराडं फार तापलं की लाल पट्ट्यात जाणारा, तेव्हा काकू म्हणाली होती, "चुलीले ताप आला काय वं?"

परवा ताईची हळद होती. आंघोळीचं पाणी लवकर तापावं म्हणून काकूने तुराट्या मोडून मोडून चुलीत कोंबल्या. काटा सरसर लाल पट्ट्यात! मी किंचाळले, "काकू, लाल!"

काकूने वळूनही पाहिलं नाही. "पाल असन. हाकल तिले."

अहो, धुराड्याला टेकलेलं सोयाबीनच्या बियाण्याचं पोतं धुमसत होतं! सगळ्या पेरणीचं बी त्यातच. मी धावले आणि जाळाची हवा तोडायला चुलीच्या तोंडावर परात दाबून धरली. आता काकूही धावली, तिने पोतं ओढलं. नुसता कोपरा जळला, बियाणं वाचलं!

"माय वं," काकू जळका कोपरा झटकत म्हणाली, "तुहा काटा खराच बोलते."

काल मोरीत पाल दिसली. मी किंचाळले. काकू धावत आली, थंडगार चुलीवर परात दाबून ओरडली, "झाकली वं, भिऊ नको!"

पाल अजून मोरीतच आहे.