विंडोज बंद नव्हतं, झोपलं होतं

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या थंडर बे गावच्या ग्रंथपाल मिसेस बर्निस कॉख, व्यासपीठावर नाइलाजाने बसलेले सत्कारमूर्ती श्री. लॉर्न हापाला, आणि गुलाबी साखरपाक चढवलेल्या पर्शियन बनवर डोळा ठेवून माझं भाषण सोसायला थांबलेल्या बंधुभगिनींनो,

ज्या माणसाने तेवीस वर्षं ग्रंथालयाच्या तळघरात गावाचे कॉम्प्युटर दुरुस्त केले, त्याच्याबद्दल मी काय बोलावं? दुसऱ्या वर्षाला प्राध्यापकांशी भांडून मी कॉलेज सोडलं, त्याच आठवड्यात लॉर्ननी मला हाताखाली घेतलं. कारण विचारलं नाही. "इथे मशीनशी भांडायचं नाही," एवढंच म्हणाले.

मी भांडलो. ती हकिकत सांगितल्याशिवाय त्यांचा गौरव पुरा होणार नाही.

आमच्या एका कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत; एका वेळी एकच चालतं. दोघांना आपापली जागा, आणि एक सामायिक कप्पा, दोन्हीकडून उघडणारा. आमच्याबरोबर काम करणाऱ्या हेल्मी रौतिओने त्यात लून या पाणपक्ष्यांच्या हाकांची एकसष्ट रेकॉर्डिंग्ज ठेवली होती. शुक्रवारपर्यंत ती उत्तरेतल्या पक्षी-केंद्राला पाठवायची होती. तिची तिथली नोकरी त्यावरच ठरणार होती. मला मात्र तिच्या फोल्डरमध्ये एक पत्र ठेवायचं होतं. कसलं, ते जाणत्यांनी विचारू नये.

मंगळवारी दुपारी हेल्मी विंडोज बंद करून जेवायला गेली. मी लिनक्स सुरू केलं. कप्पा उघडला, पण लिनक्स म्हणालं, वाचा, लिहू नका. आता मला सांगा, प्रेमपत्र हातात असलेल्याला हे ऐकवतं का? डोकं सटकलं. मी जबरदस्तीची आज्ञा देऊन पत्र आत टाकलं आणि तिकडून कसं दिसतं ते बघायला विंडोज सुरू केलं. एकसष्टपैकी एकोणीस हाका उरल्या होत्या.

"अरे वीरा," लॉर्न म्हणाले, "ते बंद कुठे होतं? झोपलं होतं."

पुढच्या वेळी लवकर उठता यावं म्हणून विंडोज 'शट डाऊन' केल्यावरही पुरतं बंद होत नाही. कप्प्यात कुठे काय आहे हे डोक्यात धरून डुलकी काढतं. मी मधेच सामान हलवलं. जागं झाल्यावर त्याने जुन्या आठवणीवरूनच मांडामांड केली.

"लिनक्स का अडवतंय, विचारलंस?"

"नाही."

"कॉलेजातही नसेल विचारलंस."

मी म्हटलं, "हेल्मीला सांगू या ना, डिस्क म्हातारी झाली होती."

"म्हातारा मी झालोय. डिस्क दोन वर्षांची आहे. फायली मी काढतो. तिला तू सांगायचं. आत्ता."

सांगितलं. हेल्मी म्हणाली, "माझ्या पक्ष्यांत तू घुसलासच कशाला?" पत्र ठेवायला, म्हटलं. ती निघून गेली.

लॉर्ननी त्या डिस्कला हातही लावू दिला नाही. आधी अख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल केली, मूळ डिस्क खणात ठेवली आणि जे करायचं ते नकलेवर केलं. गुरुवारी दुपारपर्यंत साठ हाका परत आल्या. एकसष्टाव्या फायलीत पक्ष्याच्या जागी माझं पत्र निघालं. "मी वाचलं नाही," लॉर्न म्हणाले, आणि शुद्धलेखनाच्या चार चुका सांगितल्या.

मग त्यांनी विंडोजची ती लवकर उठायची सोय बंद केली आणि भिंतीवर कागद लावला: सामायिक कप्प्याची रोज वेगळ्या डिस्कवर नक्कल ठेवावी. खाली कारण म्हणून माझं नाव आहे.

साठ हाका शुक्रवारी गेल्या. हेल्मीला नोकरी लागली. सोमवारी ती निघते. पत्राबद्दल काल म्हणाली, "फायलीत काय घालतोस? तोंड आहे ना तुला?"

लॉर्न, तुमच्या हाताखाली मला एवढं कळलं, की चूक केलेल्या माणसालाही पुन्हा मशीनपुढे बसवता येतं. तुम्ही दुसऱ्याच दिवशी बसवलंत. त्याचे आभार कसे मानायचे, मला कळत नाही.

आयोजकांचे, अध्यक्षांचे आणि बन करणाऱ्या सर्वांचे आभार. बोलताना तोल गेला असेल, कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर पोटात घाला. शंभर माणसांसमोर मला बोलता येतं, हे आजच कळलं. ज्या एका माणसाशी बोलायचं राहिलंय, ती तिसऱ्या रांगेतून उठून दाराकडे निघाली आहे, म्हणून मी इथेच थांबतो.