विसाव्या मजल्यावरचं फाटक

मिसेस लॉक्यर : अगं, अजून जोरात ढकल!

ब्रायोनी : ढकलून काय होणार, मिस? हे गच्चीचं दार आतूनच उघडतं. बाहेरून मूठसुद्धा नाही.

मिसेस लॉक्यर : म्हणून तर तुला काम शिकवणाऱ्या गसने तिथे वीट अडकवली होती. एवढी ढळढळीत लाल वीट! आणि तू ती पायाने सरकवून दार लावून घेतलंस.

ब्रायोनी : सवय, मिस. आमच्या मेंढ्यांच्या रानात फाटकाबाबत हयगय केली की बाबा घर डोक्यावर घेतात.

मिसेस लॉक्यर : ब्रिस्बेनमध्ये, विसाव्या मजल्याच्या गच्चीवर कुठल्या मेंढ्या पळणार होत्या तुझ्या?

ब्रायोनी : सॉरी, मिस.

मिसेस लॉक्यर : फोन खाली गसच्या कपाटात. वरून कुणाच्या डोक्यात पडायला नकोत म्हणे. मीही शहाण्यासारखा काढून दिला. पाच मिनिटं तुझं काम बघायचं, वहीत शेरा लिहायचा, की झालं, असं वाटलं होतं मला. अडीच वाजले बघ.

ब्रायोनी : बाकीचे सगळे तिकडे नदीवर असतील. ती बघा फेरी. हिरवी. तिच्यातच आपली पोरं आहेत बहुतेक.

मिसेस लॉक्यर : दहाच्या दहा पोरं शहर बघतायत, आणि अकरावी माझ्यासोबत भट्टीत. अहो! कुणी आहे का खाली? अहो!

ब्रायोनी : या गार हवेच्या यंत्रांच्या घरघरीत कुण्णाला ऐकू जाणार नाही.

मिसेस लॉक्यर : तू इतकी थंड कशी गं? गस तीनला निघतो, माहीत आहे ना? कॉलेजला नाव तीनच्या आत कळवायचंय. तुझं, नाहीतर त्या इप्सविचच्या मुलाचं.

ब्रायोनी : माहीत आहे.

मिसेस लॉक्यर : गसच्या हाताखाली चार वर्षांची उमेदवारी! बाबांची सही मागाहून चालेल म्हणाला, पण तुझा होकार आज हवा. शाळेकडून एका आठवड्याच्या कामाच्या अनुभवाला आलेल्या पोरीला असं कुणी विचारत नाही. सव्वीस वर्षं पोरं घेऊन येतेय मी, कुणाला विचारलेलं पाहिलं नाही.

ब्रायोनी : आमच्याकडची मांस ठेवायची थंड खोली मी बारा वर्षांची असल्यापासून दुरुस्त करते. त्यात काय मोठं?

मिसेस लॉक्यर : त्यात काय मोठं, ते गसला विचार. ब्रायोनी, इकडे बघ. तुमच्या रानात पहिल्या फाटकावर पाटी आहे. तुमच्या घरी भेटीला येताना माझी गाडी दर वर्षी तिथे थांबते. काय लिहिलंय त्यावर?

ब्रायोनी : ...जसं असेल तसं ठेवा.

मिसेस लॉक्यर : लावलेलं असेल तर?

ब्रायोनी : लावायचं.

मिसेस लॉक्यर : आणि उघडं असेल तर?

ब्रायोनी : मिस, ऊन फार आहे, तुम्ही त्या सावलीत बसा ना.

मिसेस लॉक्यर : उघडं असेल तर, ब्रायोनी?

ब्रायोनी : उघडंच ठेवायचं. मेंढ्यांना पाण्यावर जाता यावं म्हणून कुणीतरी मुद्दाम उघडं ठेवलेलं असतं.

मिसेस लॉक्यर : तुमच्याकडचं शेंबडं पोरही ही चूक करणार नाही. तू सवयीने नाही लावलंस दार.

ब्रायोनी : तीन वाजून गेले असते की संपलं असतं सगळं. मला बाबांना काही सांगावं लागलं नसतं, गसलाही नाही. दार अडकलं, नशीब फुटकं, शुक्रवारी बसमध्ये बसून घरी.

मिसेस लॉक्यर : आणि मग?

ब्रायोनी : मग काय, पंप, मेंढ्या, बाबा. आई गेली तेव्हा ते तीन दिवस बोलले नाहीत, मिस. चौथ्या दिवशी म्हणाले, पंप बघून ये. तेव्हापासून आम्ही पंपाबद्दलच बोलतो. काल रात्रीही फोनवर तेच. मी नसले तर कुणाशी बोलतील?

मिसेस लॉक्यर : तुला इथे राहायचंय का? बाबा बाजूला ठेव, मला बाजूला ठेव.

ब्रायोनी : इतकं राहायचंय की लाज वाटते.

मिसेस लॉक्यर : मी तुमच्या शाळेत दोनच वर्षांसाठी आले होते. कुणी अडवलं नव्हतं मला. पण दर वर्षी काहीतरी निमित्त निघायचं आणि मी मनातल्या मनात खूश व्हायचे, की चला, यंदा ठरवायला नको. मला तुमची शाळा आवडते, खोटं नाही सांगत. पण मी ती निवडली असं मला कधी म्हणता आलं नाही. त्याचा फार राग येतो मला. स्वतःचाच.

ब्रायोनी : किती वाजले?

मिसेस लॉक्यर : पावणेतीन. आता काय उपयोग? कोण येणार वर?

ब्रायोनी : येतील. ते मोठं यंत्र बंद केलं, तर दहा मजल्यांची गार हवा बंद होईल. पाच मिनिटांत कुणीतरी बोंबलत येईल.

मिसेस लॉक्यर : हे तुला आत्ता सुचलं?

ब्रायोनी : नाही. दार लावलं तेव्हाच.

मिसेस लॉक्यर : आणि इतका वेळ मला उन्हात घसा फोडायला लावलास, कार्टे!

ब्रायोनी : बंद करू, मिस?

मिसेस लॉक्यर : मला नको विचारूस.

(खटका पडतो. गच्चीवर एकदम शांत होतं. काही मिनिटांनी आतून पावलं, मग दार उघडतं.)

रखवालदार : कोणी बंद केलं हे? खाली वकील लोक कोट काढून बसलेत!

ब्रायोनी : मी केलं. चालू करते. हे घ्या, झालं.

रखवालदार : आणि दार?

ब्रायोनी : तेही मीच लावलं.

मिसेस लॉक्यर : भाऊ, तिला नंतर हवं तेवढं बोला, आधी जाऊ द्या. तीनला सात कमी आहेत. पळ! मी येते मागून.

ब्रायोनी : ती वीट, मिस...

मिसेस लॉक्यर : ठेवते गं होती तशी. पळ तू.

ब्रायोनी : संध्याकाळी बाबांचा फोन येईल. पंपाचं विचारतील.

मिसेस लॉक्यर : मग? काय सांगशील?

ब्रायोनी : आधी पंपाचं सांगेन. मग म्हणेन, बाबा, फोन ठेवू नका.