पुस्तकं जिथली तिथं

गुरुजी, अमरावतीहून आणि बार्शीटाकळीहून आलेले पाहुणे, आणि आमच्या गल्लीतल्या सगळ्यांनो,

माझं नाव पुकारलं तेव्हा मागे कुजबुज झाली. बाई बोलणार? हो, बोलणार. शाळेत पोरांपुढे रोजच बोलते. पण आज जीभ लाकडाची झाली आहे. थांबत थांबत बोलेन, सांभाळून घ्या.

तुम्ही सगळे मला सांगता, रडून घे. माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, त्या समोरच बसल्यात, त्याही सांगतात. "रड ना वो पोरी. दगड होऊन बसली तू." मला रडू येत नाही. काय करू? हे अमरावतीला बहिणीकडे गेले होते. परत येताना मोटार स्टँडवरच छातीत कळ आली आणि संपलं. दुपारी जीपमधून घरी आणलं. हे सगळं मला माहीत आहे. कुणी विचारलं तर धड्यासारखं म्हणून दाखवते. पण ते माझ्यापर्यंत पोचत नाही.

आत्ताच गुरुजींनी या सभेत जाहीर केलं की वामनरावांची पुस्तकं समाजमंदिराला द्यावीत, काचेची कपाटं करावीत, पुस्तकं अकारविल्हे लावावीत आणि वर त्यांच्या नावाची पाटी बसवावी. तुम्ही टाळ्या वाजवल्या. गुरुजी, तुमचं मन मोठं आहे. पण मी नाही म्हणते. सगळ्यांसमोर म्हणते, म्हणजे घरी येऊन मला कुणी समजावत बसणार नाही. का नाही म्हणते, ते ऐका.

आम्ही धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी घरातले देव गेले. भिंतीतली देवळी रिकामी झाली. आत्याबाईंना ती बघवेना. "रिकामी देवळी बरी नाई दिसत रे वामन. काईतरी ठेव." यांनी त्यांच्याजवळ होती तेवढी पुस्तकं तिथे ठेवली. देवळी लवकरच भरली. मग खाटेखाली पेटी आली. मग माळा. मग धान्याच्या कोठीवर. माणसं जुनी पुस्तकं आणून द्यायला लागली, परतवाड्याच्या बाजारातून कुणी रद्दीतली उचलून आणायला लागलं. आत्याबाई म्हणायच्या, देव होते तवा एवढी दाटी नव्हती.

तेव्हा हे नागपूरच्या कचेरीत होते. तिथे शिरगणतीचं मोठं यंत्र होतं. माणसागणिक एक कार्ड. कार्डाला भोकं. भोक बघून यंत्र कार्डं निवडायचं, शेतकरी इकडे, मजूर तिकडे. हे सुट्टीत घरी यायचे ते त्या यंत्राच्याच गोष्टी घेऊन. ताटावर बसले तरी यंत्र. एकदा मला म्हणाले, "त्या यंत्राले वाचता नाई येत, पण शोधता येते. आपल्या मानसायले आता कुठी वाचता येऊन राह्यलं. त्यायले शोधून कोन देईन?"

मग बदली होऊन अकोल्याला आले. इथे यंत्र नाही. त्याहून मोठं गणकयंत्र म्हणे मुंबईला आहे, त्याला सबंध एक खोली लागते. हे हसून म्हणायचे, "आपल्याकडे खोलीच एक हाय. यंत्र ठेवलं त झोपाचं कुठी?" म्हणून यांनी यंत्र सोडलं आणि युक्ती तेवढी ठेवली. छापखान्यातून वाया गेलेल्या लग्नपत्रिका आणल्या आणि त्यांची सारखी कार्डं कापली. मागे कुणाचं तरी लग्न, पुढे आमचं पुस्तक. आणि माझी विणकामाची सुई घेतली. तो स्वेटर अजून अर्धाच आहे.

पाहुण्यांनी पाहिलं नसेल, म्हणून सांगते. कार्डाच्या वरच्या कडेला ओळीनं भोकं. एक भोक शेतीचं, एक कायद्याचं, एक औषधपाण्याचं, एक गोष्टींचं. पुस्तक शेतीचं असलं की त्या कार्डाचं शेतीचं भोक कडेपर्यंत कापून टाकायचं. मग सगळी कार्डं जुळवून शेतीच्या भोकातून सुई घालायची, वर उचलायची आणि हलवायची. शेतीची कार्डं खाली पडतात. बाकीची सुईवर लटकून राहतात. पडलेल्या कार्डावर जागा लिहिलेली असते. देवळी. माळा. खाटेखाली, भिंतीच्या बाजूला. बस्स, हात घालायचा आणि पुस्तक काढायचं.

यात नियम एकच होता. पुस्तक हलवायचं नाही. वाचून आणलं की जिथून घेतलं तिथेच ठेवायचं. शेतीच्या पुस्तकाशेजारी कायद्याचं असलं तरी असू द्यायचं. मी एकदा दिवाळीची झाडझूड करताना सगळी सारखी लावायला निघाले, तर हे माझ्यावर ओरडले. आयुष्यात तेवढे एकदाच ओरडले. "जिथं हाय तिथं राहू दे त्याले! शोधाचं काम सुईचं हाय, तुहं नाई!"

गुरुजी, मीही तुमच्यासारखंच म्हटलं होतं, एक कपाट करू. तर काय म्हणाले? "कपाटासमोर उभा राह्यला की नव्यानं वाचनारा मानूस लाजते. कोनतं मागू, त्याले समजत नाई. काच असली त हातच नाई लावत. मंग तो तसाच वापस जाते. सुई घातली की पुस्तक सोताच त्याच्यापुढं पडते. त्याले मागाच नाई लागत." भागाबाई, तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा उंबऱ्यातच उभ्या होतात. आठवतं ना? सुई तुमच्याच हातात दिली होती यांनी. कार्डं पडली तेव्हा तुम्ही घाबरून सुईच टाकून दिली.

आता त्या दिवशीचं सांगते. जीप निघाल्याचा निरोप आला. यांना आडवं ठेवण्याएवढी खोलीत जागा नव्हती, मधे जेमतेम एक माणूस बसेल एवढीच. तुम्ही सगळे धावलात आणि हाताला लागेल ते उचललंत. कुणी देवळीतली काढली, कुणी माळ्यावर चढलं, कुणी खाटेखालची पेटी बाहेर ओढून उपसली, बायांनी ओटीत भरून नेली. बघता बघता खोली मोकळी झाली. काही पुस्तकं तुमच्या घरांत गेली, काही शाळेच्या व्हरांड्यात. नंतर कुणी कुणी परत आणून छान लावूनही ठेवली, मोठ्याशेजारी मोठी, लहानाशेजारी लहान. मला तुमचा राग नाही. माणसाला टेकायला जागा तर करावीच लागते.

परवा भागाबाईंची शांता आली. आपल्या गल्लीतली पहिली पोरगी नर्सिंगच्या परीक्षेला बसते आहे. शरीरशास्त्राचं मराठी पुस्तक हवं म्हणाली. मागायला तिला जड जात होतं. "काकू, आता नको. मी मंग येईन." मी म्हटलं, थांब. सुई घेतली. औषधपाण्याच्या भोकातून घातली. कार्डं पडली. बरोबर पडली हो! ज्यांनी ती कापली तो माणूस नाही, तरी बरोबर पडली. त्यात तिचं पुस्तक होतं. जागा लिहिली होती, खाटेखाली, भिंतीच्या बाजूला. मी वाकले आणि हात घातला.

हाताला कांदे लागले.

पाहुण्यांच्या स्वयंपाकासाठी आणलेलं पोतं तिथे कुणी सरकवलं होतं. मी कांदे चाचपत बसले. या खाटेखाली पुस्तक नाही, असं आमच्या घरात कधी झालंच नव्हतं. तेव्हा मला कळलं की हे गेले. जीप आली तेव्हा नाही, अग्नी दिला तेव्हा नाही. तेव्हा. तरीही रडू आलं नाही. शांताच रडली. मी तिला पाणी दिलं.

शांताची परीक्षा जवळ आली आहे. तिचं पुस्तक तुमच्यापैकीच कुणाच्या तरी घरात आहे. ती एकटी नाही, अशा पुष्कळ जणी उंबऱ्यात उभ्या राहणार आहेत. कार्डं आहेत, सुई आहे. फक्त पुस्तकं जागेवर नाहीत. आणि कुठलं पुस्तक कुठे होतं, ते मलाही सांगता येत नाही. सगळ्या कार्डांवर जागा आहेत, पण ढिगातलं एकेक पुस्तक जुळवत बसले तर शांता नापास होईल आणि मी म्हातारी. तुम्हाला मात्र सांगता येतं. कोणी कुठून उचललं ते ज्याच्या त्याच्या हातायले ठाऊक हाय.

म्हणून गुरुजी, मला कपाट नको, पाटी नको. सभा संपली की घरी जा, जे नेलंय ते घेऊन माझ्याकडे या, आणि जिथून उचललं तिथेच ठेवा.

आता आपण यांच्यासाठी दोन मिनिटं उभे राहू. उभे राहा. आत्याबाई, तुमी बसल्या तरी चालते. डोळे मिटा. पण नुसते गप्प नका राहू, माझ्या घरात या. तीच दुपार आहे. दारातून आत आलं की डाव्या हाताला कोठी, समोर देवळी, उजवीकडे खाट, वर माळा. तुम्ही कुठे उभे होता? वाकला होता की हात वर केला होता? हातात काय होतं? नीट आठवा. घाई करू नका.

मधली जागा तेवढी मोकळी ठेवा. तिथं पुस्तक कधीच नव्हतं. तिथं बसून हे कार्डं पाडायचे.