चारशे बारा नंबरचं स्टूल

...नाही, पण मला एक सांगा, माणसानं बसायचं कुठे? दहा ते सहा हो! आठ तास! विज्ञान संग्रहालयात तारयंत्राच्या दालनाचा पहारेकरी मी, बावीस वर्षं झाली, आणि काम काय, तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचं, हात लावू नका, अहो हात लावू नका, ए बाळा, हात! आता एवढं ओरडायला माणसाला टेकायला काहीतरी लागतं की नाही? गादीची खुर्ची कोण मागतंय? साधं लाकडी स्टूल! तेसुद्धा माझ्या सुतार मेहुण्यानं करून दिलेलं, वाफेचा पंप ज्या खोक्यातून आला त्याच्या फळ्यांचं, कारण साहेबांकडे खुर्ची मागितली की साहेब चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "बघू." बघू! बावीस वर्षं बघतायत!

तर झालं काय, हा डावा गुडघा... हा, हाच, मेला... धरला, म्हणून दोन दिवस रजा टाकली. आणि नेमकी त्याच दोन दिवसांत नोंदणी निघाली! प्रत्येक वस्तूला नंबर! त्यासाठी नवीन बाई आल्यात, हातात पांढरे मोजे, कामाला एकदम चोख, त्यांनी तारयंत्राला नंबर घातला, टेबलाला घातला, टेबलाजवळ माझं स्टूल दिसलं... त्यालाही घातला की हो! तिसऱ्या दिवशी मी येतो, डबा ठेवतो, सवयीनं टेकणार तोच बाई किंचाळल्या, "काका! वस्तू आहे ती!" अहो कसली वस्तू? माझं स्टूल आहे ते! पण पायावर काळ्या शाईत चारशे बारा, वरून वॉर्निश, भोवती दोरी. दोरीच्या आत स्टूल, दोरीच्या बाहेर मी. मग बसायचं कुठे?

म्हटलं, बाई, माझ्या मेहुण्यानं केलंय हे. तर त्या डोळे मोठ्ठे करून म्हणतात, "पण काका, झीज बघा ना! उजवी बाजू केवढी झिजलीय! म्हणजे तारा घेणारा माणूस उजवीकडे झुकून तासन्‌तास टकटक ऐकत असणार... किती जिवंत वाटतो ना तो?" अहो बाई, जिवंतच आहे तो! तुमच्यापुढे उभा आहे! डाव्या गुडघ्यावर भार नको म्हणून मीच उजवीकडे कलून बसायचो!

साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, "चूक झालीय, मान्य. पण नोंदवहीत आलेली वस्तू काढायची म्हणजे समिती लागते. समिती वर्षातून एकदा भरते." मग तोवर दुसरं स्टूल आणू? "छे छे! नोंद नसलेली वस्तू आता दालनात ठेवता येत नाही." आणि नोंद केली तर? "मग बसता येत नाही." कपाळ माझं! तुम्हीच सांगा, बसायचं कुठे?

घरी येऊन बायकोला सांगितलं, म्हटलं निदान पाय तरी चेपेल. ती उलट माझ्यावरच उसळली! "माझ्या भावाच्या कामाला जन्मात कुणी चांगलं म्हटलं नाही, तुम्ही तर नाहीच नाही, आणि आता कुठे त्याला दोरी बांधून मान दिलाय तर तुम्ही निघालात सोडवायला?" मेहुणा सहकुटुंब येऊन गेला. स्टुलासमोर फोटो झाले. काढले कुणी? मी! उभ्यानं!

अकरा महिने हो, अकरा महिने! या पायावरून त्या पायावर, खांबाला टेकलो तर बाई म्हणणार, "काका, खांबाचा रंग!" संध्याकाळी गुडघा असा टम्म. शेवटी समिती भरली एकदाची. मी बाहेर देव आठवत येरझाऱ्या घालतोय, दार उघडतं, साहेब हसत बाहेर! "काम झालं तुमचं!" म्हटलं, नंबर काढला? "नंबर निघत नाही हो. पण चालू स्थितीतल्या वस्तूचं प्रात्यक्षिक दाखवायची नियमात सोय आहे. अधिकृत माणसानं, ठरल्या वेळी. आणि या स्टुलाचा तुमच्याइतका अनुभव आहे कुणाला?"

तेव्हापासून रोज सकाळी अकरा वाजता घंटा होते, मी पांढरे मोजे चढवतो, बाई दोरी सोडतात, पोरांना सांगतात, "बघा हं, पूर्वी माणसं काम करताना अशी बसायची." आणि मी बसतो. दहा मिनिटं! काय सांगू तुम्हाला, गुडघा असा सैल पडतो की डोळ्यांत पाणीच येतं. लोक म्हणतात, वा, काय अभिनय! टाळ्या वाजवतात. दहा मिनिटं झाली की बाई घड्याळ बघून हळूच म्हणतात, "काका, उठा आता, वस्तूवर ताण येतो."

रविवारी गर्दी असते, म्हणून दोनदा दाखवतात. माझी सुट्टी रविवारची होती... परवा अर्ज करून मंगळवारची करून घेतली.