भुवयांपाशी अडकलेली नात

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या रांगेत माझ्यापुढे एक आजी-आजोबा मोडेम घेऊन उभे होते.

"इंटरनेट मध्येच तुटतं हो. नातीचा फोटो वरून खाली उघडत येतो आणि भुवयांपाशी थांबतो."

"तेवढ्यात घरात कोणी फोन उचलतं का, आजी?" दुरुस्ती करणाऱ्या मुलानं विचारलं.

"छे! मी कॉम्प्युटरसमोर, हे आतल्या खोलीत."

"आत काय करता, आजोबा?"

"लाइन तुटली नाही ना, ते रिसीव्हर उचलून ऐकतो."

"अहो! त्यानंच तुटते! इंटरनेट फोनच्याच लाइनवरून येतं!"

"मग लक्ष नको ठेवायला?"

"आजी, फोटो उघडेपर्यंत यांना अंगणात बसवा."

"अगं, मग नाक माझ्यावर गेलंय का, ते कसं कळणार?"

"तुमच्यावर नसेल, तर लगेच हाक मारीन."

"आणि असेल तर?"

"बसा अंगणात."